दारू सोडविणारी औषधे आणि आपण



कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर बोलाविले म्हणजे तो महागाईभत्ता, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आज मी त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. मी दारूवर बोलणार आहे. आणि तेही दारू वाईट आहे हे सांगण्यासाठी नव्हे. ते आपणांस ठाऊक आहे, आणि पिणाऱ्याला आपल्याहून अधिक ठाऊक आहे. दारूबंदीच्या वादातही मला शिरावयाचे नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. तिने काय साधले, याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. ज्याला दारू सोडावयाची आहे पण सुटत नाही, त्याला वैद्यकशास्त्र काही मदत करू शकते काय, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही. माझे शालेय शिक्षण बेताचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. पण आपली वाडी म्हणजे गोदामांची, ट्रान्सपोर्टची आणि कारखान्यांत जाणाऱ्यांची वस्ती. येथे हमाल, ड्रायव्हर आणि मजूर यांच्या चौकश्या लढविताना दारूने मोडलेली माणसे मी जवळून पाहिली, आणि त्यांच्यापायी हा विषय मला शिकावा लागला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मनावर घेतले की सुटते,’ असे आपण सहज म्हणतो. काहींची सुटतेही. माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्या गावोगावी आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु जो वर्षानुवर्षे सकाळपासून पितो, त्याच्या मेंदूला दारूची सवय जडलेली असते. ती एकाएकी तोडली की हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. एखाद्याला झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्याला नसलेली माणसे दिसू लागतात, तो बरळू लागतो. यात प्राणही जाऊ शकतो. घरचे लोक याला भूतबाधा समजतात, किंवा ‘द्या बापा याला थोडी’ म्हणून पुन्हा पाजतात. म्हणून पहिला नियम असा, की रोज भरपूर पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. हे काही दिवस निभावून नेणारी औषधे आहेत, आणि त्यांच्या जोडीला ब-१ जीवनसत्त्वही द्यावे लागते. नागपुरात मेडिकलचा मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे जाण्यात लाज कसली?

आता सोडल्यानंतरच्या गोळ्यांकडे वळू. त्यांतील सर्वांत जुनी डायसल्फिराम. हिची हकीकत कामगारांपासूनच सुरू होते. रबर टिकाऊ करण्यासाठी गंधकाची काही संयुगे वापरतात. अमेरिकेतील एका रासायनिक कारखान्याचे डॉक्टर विल्यम्स यांनी १९३७ साली नोंदविले, की या संयुगांत काम करणाऱ्या मजुरांना दारू सोसत नाही. बिचारे आपली इच्छा नसताना निर्व्यसनी झाले होते! पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक याच जातीचे औषध पोटातील जंतांवर चालेल काय, हे पाहत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, आणि नंतर मद्याचा घोट घेताच दोघांचीही तब्येत बिघडली. १९४८ साली त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि कारखान्यातला त्रास दवाखान्यातले औषध बनला.

तिचे कार्य समजण्यास सोपे आहे. दारू पोटात गेली की शरीर तिचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करते, आणि लगेच त्या विषाचाही निचरा करते. ही गोळी निचऱ्याची ती मोरी बुजविते. मग घोटभर दारूनेही तोंड लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदयविकार असलेल्याच्या तर जिवावर बेतू शकते. गोळी थांबविल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. गोळी सुरू करण्यापूर्वी हृदय आणि यकृत तपासून घ्यावे लागते. खोकल्याच्या काही औषधांत आणि आपल्या आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दुसऱ्या दोन गोळ्यांची रीत निराळी आहे. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली गंमत कमी करते. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची मेंदूची तडफड शांत करण्यास मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या दोहोंना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. कोणाला कोणती द्यावयाची, हे यकृत आणि मूत्रपिंड पाहून डॉक्टरच ठरवितील. दुकानातून विचारून आणण्याची ही वस्तू नव्हे.

मग गुण येतो काय? आपल्याच राज्यातला दाखला देतो. मुंबईच्या डॉ. अविनाश आणि डॉ. ॲलन डिसोझा यांनी १०० पुरुष रुग्णांवर एक वर्षाची चाचणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. काहींना डायसल्फिराम, काहींना नाल्ट्रेक्सोन दिले. वर्षअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर होते. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. पिण्याची ओढ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांना कमी वाटत होती.

८६ टक्के हा आकडा ऐकून कोणी चिठ्ठीसाठी धावू नये. या चाचणीत निवडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी, गोळी घेतली की नाही हे पाहणारे आणि दवाखान्यात सोबत येणारे माणूस होते. गोळी आणि घर, दोन्ही मिळून हा आकडा झाला. शिवाय २०१४ साली २२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा असे दिसले की रुग्णाला आपण डायसल्फिराम घेत आहोत हे ठाऊक होते तेथेच तिचा उपयोग झाला. ज्या चाचण्यांत ते गुप्त राखले होते, तेथे झाला नाही. कारण उघड आहे. ही गोळी भीतीने काम करते, आणि जे माहीत नाही त्याची भीती कशी वाटणार?

यासाठीच आज मी उभा आहे. भिंतींवर आपण वाचतो, ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ कित्येक घरांत ही गोळी वरणात, भाजीत, चहात कालविली जाते. हे करणाऱ्या भगिनींना मी दोष देत नाही. ज्या घरात पगार घरी पोचत नाही आणि रात्री मार चुकत नाही, त्या घरातली बाई हाती लागेल ते करणारच. पण ताई, यातून काय घडते ते पाहा. त्याला गोळीची खबर नाही, म्हणून तो नेहमीसारखा पितो. छाती धडधडते, तो कोसळतो. डॉक्टर विचारतात काय घेतले, आणि त्याला सांगता येत नाही. तो त्या वेळी ट्रक चालवीत असेल तर? आणि वाचलाच, तरी एक दिवस त्याला कळते. मग तो त्या घरचे अन्न विश्वासाने कसे खाईल? ज्या घराच्या आधाराने गोळी चालावयाची, तो आधारच आपण आपल्या हाताने तोडतो. गोळी द्या, पण सांगून द्या. त्याने हो म्हटल्यावर, सकाळच्या चहाच्या वेळी, त्याच्या हाताने, तुमच्या डोळ्यांदेखत.

आणि ज्याचे घर येथे नाही? वाडीतले कितीतरी ड्रायव्हर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले, गाडीतच झोपणारे. त्यांचा साक्षीदार कोण? येथे संघटनेचे काम सुरू होते. सोबतच्या माणसाने हा भार उचलावा. ही कल्पना काही नवी नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनी माणसाला सोबत देऊन उभे करीत आले आहे.

मालकवर्गाशीही बोलले पाहिजे. दारू पिऊन कामावर येणे हे गैरवर्तन आहे, आणि यंत्राजवळ किंवा स्टिअरिंगवर अशा माणसाची पाठराखण संघटनेने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण जो स्वतः पुढे येऊन उपचार मागतो, त्याला बडतर्फीची नोटीस मिळावी काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ च्या संहितेत या प्रश्नाकडे इतर आजारांप्रमाणेच पाहावे असे म्हटले आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूच्या व्यसनातून होणारे मनोविकार मानसिक आजारांत धरले आहेत. मग आजाऱ्याला रजा हवी, नाव गुप्त राखण्याची हमी हवी, बरा झाल्यावर जागा हवी. बोनसच्या मागणीपत्रात हे कलम घातले तर आपले काही कमी होणार नाही.

गोळी जादू नव्हे. ती माणसाला काही महिन्यांची फुरसत मिळवून देते. त्या फुरसतीत घराने, डॉक्टरांनी आणि सोबत्यांनी आपापले काम केले तर माणूस उभा राहतो. न केले तर डबी रिकामी होते आणि गुत्ता तेथेच असतो. आपणांपैकी कोणाच्या घरी अशी गोळी चोरून दिली जात असेल, तर उद्या डॉक्टरांकडे जाऊन ते सांगा, एवढी माझी विनंती आहे.