आवाज बसला तेव्हा

सात आठवड्यांनी आलेय. 'एपिसोड कुठाय?' असे मेसेज आले होते, उत्तर दिलं नाही, त्याबद्दल सॉरी. माझा आवाज गेला होता. सर्दीने बसतो तसा नाही, स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवल्या. तांदळाच्या कणीएवढ्या असतील. "रोज किती बोलता?" त्यांनी विचारलं. खरं सांगायची लाज वाटली.

खरं असं होतं, की रोज पहाटे पाचला उठून दीड तास आवाजाचा रियाज. मग ऑफिस, तिथे दिवसभर कॉल्स. रात्री रेकॉर्डिंग. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. ११२ दिवस सलग! आणि रियाज कसला, तर मला आवडणाऱ्या एका निवेदकाचा तो खर्जातला भारदस्त आवाज काढायचा. त्यांचे व्हिडिओ लावायचे आणि घसा खाली दाबून तस्संच बोलायचं. दुखलं की हळद-मध घेऊन पुन्हा. दुखतंय म्हणजे सुधारतंय, असं वाटायचं मला.

डॉक्टरांनी दोन आठवडे मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण त्यानेही ताण पडतो. मी, आणि मौन! घरचे गालात हसत होते.

तिसऱ्या दिवशी बाबांनी काही न बोलता कुमार गंधर्वांचं एक रेकॉर्डिंग लावून दिलं. नाव अर्थातच माहीत होतं, ऐकलं कधी नव्हतं. बोलता येत नव्हतं म्हणून ऐकलं, आणि ऐकलं म्हणून वाचायला लागले.

बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा, जन्म १९२४ चा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड्स ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला. ऐन विशीत नाव झालं आणि क्षयरोगाने गाठलं. १९४८ च्या सुरुवातीला हवापालटासाठी माळव्यात, देवासला गेले. गाणं बंद. एक-दोन महिने नाही हं, जवळपास पाच वर्षं.

आता या गोष्टीचं जे रूप व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, 'संकटात संधी' वगैरे, ते मला खटकतं. ते जगले ते स्ट्रेप्टोमायसिनमुळे. तेव्हा ते औषध अगदी नवं होतं. आणि घर चाललं ते त्यांच्या पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवायच्या म्हणून. शुश्रूषाही त्यांनीच केली. आपण 'त्यांनी स्वतःला घडवलं' असं म्हणतो तेव्हा हा पगार कुणाच्या हिशेबातच नसतो. (माझ्या त्या पहाटेच्या दीड तासात डबा आई करत होती, हेही सांगून टाकते.)

पण मला खरी धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या माणसाचं सगळं कौतुक नक्कल करण्यावर सुरू झालं, त्याला आता गाताच येत नव्हतं. उरलं फक्त ऐकणं. आणि कानावर काय पडत होतं? माळव्यातल्या बायकांची लग्नातली, सणातली गाणी, रस्त्याने जाणाऱ्या फिरस्त्यांची भजनं. त्या धुना चार-पाच सुरांच्या. मैफलीत कोणी ढुंकून पाहणार नाही अशा. त्यांना त्यात रागाचं बी दिसलं. पुढे त्या धुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना 'धुनउगम राग' म्हटलं. १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह आला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गायला लागले, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालेलं. लांबलचक ताना दमात बसेनात. मग छोट्या, धारदार फेकी आणि मधली शांतता. काही जाणकारांना ते गाणं अजिबात रुचलं नाही. रुचलं नाही तरी ते कुणाचीही नक्कल म्हणून ओळखता येत नव्हतं.

मी काही कुमारजी नाही, प्लीज. पण त्या मौनात मी माझेच जुने एपिसोड ऐकले. आवाजाकडे लक्ष द्यायचं म्हणून बसले होते, आणि भलतंच ऐकू आलं. पोवाडा गाणारी एक मुलगी आली होती, आठवतंय? ती म्हणते, "घरी कळलं तेव्हा…" आणि थांबते. दोन सेकंद. आणि मी, माझ्या त्या भारदस्त आवाजात, विचारते, "तुझं डेली रुटीन काय असतं गं?"

ते मी चार वेळा ऐकलं.

सध्या थेरपी सुरू आहे. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत गुणगुणायचं, दिवसातून चारदा, पाच-पाच मिनिटं. ऑफिसात पँट्रीत करते, लोक बघतात. रेकॉर्डिंग आता वीस मिनिटांच्या वर नाही, आणि हा आवाज असा पातळ आहे तो माझाच आहे, सवय करून घ्या. कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. फुल्या मारत नाही, पण काढूनही टाकवत नाही.

त्या मुलीला मेसेज केला. 'तेव्हा तू काहीतरी सांगत होतीस, मी मध्ये बोलले. परत येशील का?'

काल रात्री उत्तर आलं, 'बघू ताई. आवाज बरा झाला का?'