कंट्रोल-झेड नसलेले बदल

आजचा एपिसोड छोटा आहे. जमलं तर घरातल्या ५-६ वर्षांच्या पिल्लाला शेजारी बसवून ऐका.

मी दिवसभर कोड लिहिते. काही चुकलं की कंट्रोल-झेड दाबायचं, झालं पूर्ववत. स्वयंपाकघरातही काही गोष्टींना असं बटण असतं. थंडीत खोबरेल तेल थिजतं, बाटली कोमट पाण्यात धरली की परत पातळ. बर्फाचं पाणी होतं, पाण्याचा पुन्हा बर्फ.

आता कणकेचा गोळा घ्या. लाटला, मोडला, परत गोळा केला, चालतंय. पण पोळी तव्यावर भाजली की तिची कणीक होत नाही. उकडलेलं अंडं फ्रीजमध्ये ठेवलं तरी पातळ होत नाही. कारण उष्णतेने त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि एकमेकांत अडकून बसतात. लिंबू पिळून फाटलेलं दूधही तसंच, परत दूध होत नाही.

म्हणून मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: "हे परत पहिल्यासारखं होईल का?"

हाच प्रश्न बाप्पाच्या मूर्तीला लावून बघू. शाडूची माती वाळली की कडक होते. पाण्यात ठेवली की परत मऊ चिखल, त्यातून पुढच्या वर्षी नवी मूर्ती.

प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे पीओपी, वेगळं आहे. जिप्सम हे खनिज भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पीओपीची पावडर मिळते. तिच्यात पाणी कालवलं की ती ते पाणी पकडून पुन्हा कडक जिप्सम होते. हे होताना ती गरम होते. त्यामुळे पीओपीच्या जाड थरात मुलांचे हात रोवून ठसे घेऊ नका, खरंच भाजू शकतं!

अशी मूर्ती साध्या पाण्यात सहज विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक उपाय शोधला: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं. मग मूर्ती हळूहळू विरते. पण पीओपीची पावडर परत मिळते का? नाही. तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे खत म्हणून वापरतात. म्हणजे हे कंट्रोल-झेड नाही, हा आणखी एक नवा बदल.

या आठवड्यात घरी करून बघा. शाडूची एक वाळलेली गोळी आणि पीओपीचा एक तुकडा दोन वाट्यांत पाण्यात ठेवा. रात्रभर थांबा. सकाळी वाट्यांत काय दिसतंय ते तुम्ही सांगू नका, पिल्लालाच सांगू दे. यंदा मूर्ती कुठली आणायची हे मग तोच किंवा तीच ठरवेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!