माहेरवाशिणीचा मान आणि हक्क



भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. ज्येष्ठा नक्षत्रावर पुजली जाते म्हणून ती ज्येष्ठागौरी. असुरांच्या उपद्रवाने गांजलेल्या स्त्रिया महालक्ष्मी गौरीला शरण गेल्या. तिने असुरांचा संहार करून त्यांचे सौभाग्य राखले, अशी या व्रताची कथा आहे. रायगडच्या किनारपट्टीवर ही पराक्रमी देवता माहेरी आलेली लेक होऊन घरात प्रवेश करते.

उरण-पेणपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत या सणाची रूपे निरनिराळी आहेत. काही घरांत मुली पाणवठ्यावरून मुक्याने खडे आणतात आणि त्यांचीच पूजा होते. अनेक घरांत तेरड्याच्या रोपांची जुडी बांधून तिला मुखवटा लावतात, साडी नेसवतात, दागिने घालतात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी गोडधोड हा नैवेद्य सर्वपरिचित आहे. आगरी-कोळी समाजातील अनेक कुटुंबांत मासळीचा किंवा मटणाचाही नैवेद्य असतो. लेकीला रुचेल ते तिच्या पानात वाढावे, हाच भाव त्यात दिसतो. भातलावणीचे कष्ट तोवर आटोपलेले असतात. सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झिम्मा-फुगडीने रात्री जागतात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. गौरही तीन दिवसांची पाहुणी. तिने तिसऱ्या दिवशी निरोप घ्यावा, ही रीतच आहे. परंतु घरच्या लेकीचा मानही तीन दिवसांतच ओसरावा, हे सणाच्या आशयाशी सुसंगत नाही. ज्या ओटीवर तिचे कौतुक होते, त्याच ओटीवर पुढे हक्कसोडपत्राचा कागद तिच्यासमोर ठेवला जातो आणि माहेर तुटेल या भीतीने ती सही करते, असे प्रसंग घडतात. 1989 साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. किनाऱ्यावरील जमिनींचे मोल वाढत गेले आणि अशा सहीची किंमतही वाढली.

महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांप्रमाणे जन्मतः हक्क दिला. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा केला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना या दुरुस्तीने बाध येत नाही.

हक्क सोडणे हे सर्वस्वी त्या स्त्रीच्या इच्छेवर आहे. म्हणून वारसनोंदीच्या वेळी लेकींची नावे वगळली जात नाहीत ना, हे महसूल कर्मचाऱ्यांनी पाहावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी पालकसभेत ही माहिती सोप्या शब्दांत सांगावी. बहिणीने आपला वाटा भावाला द्यावयाचे ठरविले, तर तेही तिने पूर्ण जाणिवेने ठरवावे.

गौरीला निरोप देताना पुढच्या वर्षी येण्याचे आमंत्रण दिले जाते. लेकीचे नाव सातबाऱ्यावर असले, तरी तिच्यासाठी माहेरचे दार तितक्याच मायेने उघडे राहावे. त्यातच या सणाचे सार्थक आहे.