तिशीतला नवा विषय
(पनवेल येथील महिला मेळाव्यातील भाषण)

नवीन पनवेलला, कळंबोली हायवेजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. येता-जाता आपण पाटी वाचतो, पण आत काय चालतं हे कुणी विचारत नाही. २००५ ते २०१० या काळात या संस्थेच्या संचालक एक बाई होत्या, डॉ. अर्चना भट्टाचार्य.

त्यांचा विषय आयनांबर, म्हणजे वातावरणाचा उंचावरचा विद्युतभारित थर. सूर्य मावळला की विषुववृत्ताच्या पट्ट्यात या थरात विरळ ‘बुडबुडे’ वर चढतात. उपग्रहाचे रेडिओ संदेश त्यांतून येताना चांदण्यांसारखे लुकलुकतात, कधी तुटतातही. विमानांना, जहाजांना वाट दाखवणारी यंत्रणा याच संदेशांवर चालते. त्या लुकलुकण्यावरून बुडबुड्यांचा माग काढणं, हे त्यांचं काम.

पण १९७५ साली अमेरिकेत मिळवलेली त्यांची पीएच.डी. घनपदार्थांच्या भौतिकशास्त्रातली. १९७८ मध्ये त्या या संस्थेत आल्या, तेव्हा वय तिशीच्या आसपास आणि विषय वेगळा.

आपल्या घरांत तिशीतल्या बाईनं पुस्तक उघडलं की विचारतात, “आता कशाला?” मैत्रिणींनो, प्रश्न वयाचा नाहीच. तो पाळणाघराचा आहे, वसतिगृहाचा आहे, प्रयोगशाळेतून रात्री घरी आणणाऱ्या बसचा आहे. ते सारं आपण मागायला हवं.