एकेरी मार्गावरची वाहतूक

(गोंदिया येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हलका धान कापणीला आलेला आणि भारी धान अजून लोंब्यांत भरत असलेला, अशा ऐन कामाच्या दिवसांत संध्याकाळचे दोन तास मोकळे काढून आपण येथे आलात. तेव्हा पत्रिकेवर छापलेले ‘बिनतारी जाळ्यातील अग्रक्रमाची व्यवस्था’ हे नाव वाचून आपल्या शेजाऱ्यांपैकी काहींनी घरीच राहणे पसंत केले असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. नाव रुक्ष आहे खरे; पण ज्या प्रसंगावरून हा विषय मला सुचला तो रुक्ष नव्हता, म्हणून आधी तोच सांगतो.

देवरीच्या बाजूला, जंगलाच्या कडेच्या एका गावात एक लहानशी संस्था आहे. तिच्या दोन खोल्यांत एकाच वाय-फायवर चार निरनिराळे उद्योग चालतात: सकाळी नागपूरच्या एक डॉक्टरबाई पडद्यावरून रोगी तपासतात, दुपारी मुले धडे पाहतात, आठ कॅमेरे आवारावर पहारा ठेवून आपले चित्रण अहोरात्र कुठल्यातरी दूरच्या कोठारात रवाना करीत असतात, आणि कार्यकर्त्यांचे मोबाइल, धन्याला न विचारता, लग्नाबारशांची छायाचित्रे त्याच वाटेने वर चढवीत असतात. मी गेलो त्या सकाळी एक म्हातारी टॅब्लेटसमोर बाकावर बसली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “गोळी घेतल्यावर चक्कर...” आणि त्यांचे तोंड उघडे ते उघडेच राहिले, चेहऱ्यावर मध्यभागी एक पांढरे कडे गरगरू लागले. म्हातारीने क्षणभर वाट पाहिली, पदर सावरला, आणि शेजारच्या मुलीकडे वळून हळूच विचारले, “बाई काहून चूप झाल्या जी? माह्यावर रागावल्या काय?”

ज्या गृहस्थाने तेथील यंत्रणा बसविली होती त्याने कामात हयगय केली होती असे नव्हे. उलट त्याने फार मनापासून काम केले होते. राउटरच्या दप्तरात शिरून मी अग्रक्रमाचे पान उघडले, तो तेथे अठरा उपकरणांची नावे नोंदलेली, आणि अठराही नावांपुढे एकच शेरा: ‘हायेस्ट’.

हा शेरा का फुकट गेला हे गोंदियाकरांना समजावून सांगणे मला सोपे वाटते, कारण हे जंक्शनचे गाव आहे. हावडा-मुंबईच्या हमरस्त्यावर जाणाऱ्या गाडीला एक रूळ आणि येणाऱ्या गाडीला दुसरा. पण पूर्वी सातपुडा चढून जबलपूरकडे जाणारी ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एकेरी मार्गाचा कायदा ठाऊक असेल. दोन स्थानकांमधल्या टापूत एका वेळी एकच गाडी, आणि टोकन हाती पडल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी हलवावयाची नाही. तारेचे जाळे हे दुहेरी मार्गासारखे असते. वाय-फाय हा एकेरी मार्ग आहे: एका वाहिनीवर एका क्षणी एकानेच बोलावयाचे, मग तो राउटर असो की मोबाइल, आणि बाकीच्या सर्वांनी ऐकावयाचे. रेल्वेतही अग्रक्रम आहेच; अपघातस्थळी निघालेल्या मदतगाडीला सर्वांनी वाट द्यावयाची, एक्स्प्रेससाठी पॅसेंजर थांबवावयाची, मालगाडीने लूपमध्ये उभे राहून धीर धरावयाचा. परंतु तो अग्रक्रम अंमलात आणणारा कंट्रोलर तेथे बसलेला असतो, आणि ज्या प्रकारच्या वाय-फायची आपण गोष्ट करीत आहोत त्यात असा कोणी बसलेला नसतो. प्रत्येक गाडीने आपापल्या मनाशी हिशेब करून सुटावयाचे!

हे ऐकून आपण दचकाल, पण जगात त्याची सुरुवात याहूनही बेबंद रीतीने झालेली आहे. १९७१ साली हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे चालू केले. ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे, टक्कर झाल्यास थोडे थांबून पुन्हा बोलावे, एवढाच शिरस्ता. गणित मांडल्यावर असे निघाले की गर्दीच्या वेळी त्या वाहिनीचा फार तर १८ टक्के काळ कारणी लागतो. १९९७ साली मुक्रर झालेल्या वाय-फायच्या मानकाने यात शहाणपण घातले ते असे, की बोलण्यापूर्वी ऐकावे. हवा मोकळी झाली की प्रत्येक उपकरण एक नेमलेला विराम पाळते, मग मनातल्या मनात एक चिठ्ठी उचलते, आणि आजच्या हिशेबाने ९ मायक्रोसेकंदांची एकेक घटका मोजीत त्या चिठ्ठीवरच्या आकड्यापासून शून्याकडे उतरत येते. ज्याचा आकडा आधी सरेल तो बोलतो, आणि इतरांनी आपली मोजणी तेथेच तहकूब ठेवून, पुढल्या खेपेस उरलेल्या आकड्यापासून ती चालू करावयाची. या सोडतीत सर्वांना समान मान होता. आवाजाला, चित्राला आणि रात्रीतून उतरवून घ्यावयाच्या अवजड फायलीला एकच माप लावणारी ही समता तात्त्विक दृष्ट्या थोर असली तरी टेलिफोनवर बोलणाऱ्याच्या ती मुळावर येते, म्हणून २००४ साली वाय-फाय अलायन्सने ‘डब्ल्यूएमएम’ या नावाने आणि पुढील वर्षी मानकाच्या ‘८०२.११ई’ या दुरुस्तीने चार वर्ग पाडले: व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट आणि बॅकग्राउंड.

या चार वर्गांची मुख्य करामत दोन आकड्यांत आहे. व्हॉइसने मूळ विरामानंतर २ घटका थांबून ० ते ३ यांतील चिठ्ठी उचलावयाची. व्हिडिओने तितकेच थांबून ० ते ७ यांतील. सामान्य बेस्ट एफर्टने ३ घटका थांबून ० ते १५ यांतील. आणि बॅकग्राउंडने ७ घटका थांबून त्याच १५ पर्यंतच्या चिठ्ठ्यांत हात घालावयाचा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा आरंभीचा विराम व्हॉइसला ३४ मायक्रोसेकंद आणि बॅकग्राउंडला ७९ मायक्रोसेकंद पडतो. म्हणजे येथे अग्रक्रम हुकमासारखा चालत नाही. सोडतीत एकाच्या पदरी लहान आकडे पडावेत एवढीच तजवीज केलेली असते, आणि लहान आकड्यांच्या टोपलीतूनही कधी ३ निघतो व मोठ्या टोपलीतून कधी शून्य. हे आकडे राउटर आपल्या हद्दीत सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारीत असतो, गावात कोतवालाने दवंडी पिटावी तसा. पण दवंडी ऐकणाऱ्याने पाळावयाची असते. शिवाय आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याचशा लहरी २०१८ साली परवान्याच्या जाचातून मोकळ्या झाल्या, तेव्हा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे यंत्रही त्याच हवेत बिनदिक्कत बोलू शकते, आणि आपल्या घरातील मुलाच्या परीक्षेची त्याला काही पर्वा नसते.

आता त्या अठरा ‘हायेस्ट’चे काय झाले ते पाहा. राउटरने सगळ्यांना एकाच उच्च वर्गात घातले होते. व्हॉइसच्या टोपलीत चिठ्ठ्या चार, ०, १, २ आणि ३. तिच्यात पाच जणांनी हात घातला तर निदान दोघांच्या हाती एकच आकडा येणार हे सांगावयास गणिती नको. टक्कर झाली की बेस्ट एफर्टची टोपली ३१, ६३ अशी वाढत १,०२३ पर्यंत जाते आणि गर्दी आपोआप पांगते. व्हॉइसची टोपली ७ वर जाऊन थांबते, कारण तिच्यात थोडेच लोक यावेत हे तिच्या कर्त्यांनी गृहीत धरलेले आहे. मोठ्यांसाठी राखलेल्या दारातून सारा गाव शिरू लागला की ते दार सर्वांत अरुंद ठरते. आमच्या तरुणपणी ट्रंक कॉल लावताना ऑपरेटर विचारीत असे, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग? अर्जंटला दुप्पट आणि लाइटनिंगला आठपट दाम पडत असल्यामुळे घरात कोणी अत्यवस्थ असल्याखेरीज तो तिसरा शब्द तोंडातून निघत नसे. राउटरच्या पानावर ‘हायेस्ट’ लिहिण्यास दिडकी पडत नाही.

दुसरी मौज शिक्क्याची. प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर सहा बिटांचा एक रकाना असतो, आणि १९९८ पासून त्यात ० ते ६३ यांपैकी एक आकडा लिहून ‘हा माल कोणत्या प्रतीचा’ हे सांगण्याची सोय आहे. आवाजाचा रूढ आकडा ४६. तो दोनांच्या पद्धतीत मांडला तर १०१११० असा होतो. पण वाय-फायच्या दारावरचे कितीतरी पहारेकरी सहाही बिटे वाचीत नाहीत. ते पहिली तीन वाचतात, १०१ म्हणजे ५, आणि पाचाला त्यांच्या जाबत्यात व्हिडिओचा वर्ग नेमलेला! म्हणजे आवाजाचा शिक्का बिनचूक मारून आलेले पॅकेट दारातच एक पायरी खाली उतरते, आणि ज्यांच्यापासून त्याला वाचवावयाचे त्या चित्रांच्याच रांगेत जाऊन उभे राहते. इंटरनेटची मानके लिहिणाऱ्या मंडळाने २०१८ साली ८३२५ क्रमांकाच्या दस्तऐवजात स्पष्ट शिफारस केली की ४६ ला ६ म्हणजे व्हॉइस समजावे. पण शिफारस आणि अंमल यांत किती अंतर असते हे तहसील कचेरीत खेटे घातलेल्यांना मी काय सांगावे? याच जाबत्यात ० हा सामान्य वर्ग असून १ आणि २ त्याच्याही खाली आहेत. एकाला शून्याहून कमी मान देणारा हा हिशेब गोंदियाच्या एकाही भात-गिरणीच्या मुनिमाने पास केला नसता. आणि बाहेरून येणाऱ्या मालावरचा शिक्का तर पुरवठादाराच्या हद्दीत बहुधा पुसलाच जातो, म्हणून उतरणाऱ्या वाहतुकीचा वर्ग आपल्या राउटरने स्वतः ओळखून ठरवावा लागतो.

त्या संस्थेत मी प्रथम हेच केले: अठरांपैकी सतरा ‘हायेस्ट’ पुसले, टॅब्लेट ठेवला, आणि ४६ चे ६ केले. डॉक्टरबाई पुन्हा गोठल्या.

तेव्हा मला माझ्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवावयास हवी होती ती उशिरा आठवली. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला हा मुलूख मालगुजारी तलावांचा. तलावाच्या पाळीशी उभा राहून जो पाणी सोडतो त्याच्या हाती वाटप असते. पाणी एकदा पाटात उतरून खालच्या बांधीशी तुंबले, की मग वर उभे राहून ‘आधी अमक्याला’ म्हणण्यात हशील नाही. रांग जेथे उभी राहते तेथेच तिचा क्रम लावता येतो. संस्थेची बाहेर जाणारी वाट १० मेगाबिटांची. आठ कॅमेरे तीत त्याहून अधिक लोटीत होते. आणि राउटर मिळेल तो माल क्षणात पुढच्या मोडेमच्या ताब्यात देऊन मोकळा होत होता. मोडेमच्या पोटात भले मोठे कोठार, तेथे आला तसा माल साठायचा, आणि त्या कोठारावर अग्रक्रमाचा अंमल मुळीच नव्हता. मोकळ्या वेळी नागपूरला संदेश जाऊन येण्यास ३० मिलिसेकंद लागत. कॅमेरे चालू असताना १,१०० लागले. बोलणे एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचले तर संभाषण सुखाने चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकात म्हटले आहे. या कोठारफुगीला जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव दिले, आणि २०१२ साली कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी तिच्यावर ‘कोडेल’ नावाचा उतारा प्रसिद्ध केला, ज्याचे सार असे की रांगेची लांबी पाहू नये, माल रांगेत किती वेळ तिष्ठत आहे ते पाहावे.

मी राउटरवरच बांध घातला: १० ऐवजी ९ मेगाबिट. जाणूनबुजून एक मेगाबिट सोडून दिला म्हणून संस्थेचे चिटणीस किंचित नाराज झाले, आणि व्यवहारी माणसाला ते वाटणे साहजिकच आहे. पण त्या त्यागाने रांग मोडेमच्या पोटातून उठून राउटरच्या अंगणात आली, जेथे तिला क्रम लावणारा कोणी होता. जाऊन येण्याचा काळ ४५ मिलिसेकंदांवर उतरला. कॅमेरे आम्ही तारेवर नेले, म्हणजे हवेतला त्यांचा वाटाही सुटला.

एक खोड मात्र शेवटपर्यंत पुरली. मागच्या पडवीत एका स्वयंसेवकाचा जुना मोबाइल असे, आणि भिंतींमुळे तो ६ मेगाबिटांच्या संथ गतीने बोले. १,५०० बाइटांचे पॅकेट म्हणजे १२,००० बिटे; जवळचा टॅब्लेट ती ३०० मेगाबिटांच्या गतीने ०.०४ मिलिसेकंदात सांगून मोकळा होतो, त्या मोबाइलला २ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पन्नासपट. पाळी दोघांनाही एकेकच मिळते, पण एक जण पाळीत एक वाक्य बोलतो आणि दुसरा कीर्तन लावतो. याला कोणताही अग्रक्रम पुरा पडत नाही. पडवीत एक जादा ॲक्सेस पॉइंट लावावा लागला. याच सुमारास कोणीतरी डब्ल्यूएमएमच बंद करून टाकण्याचा सल्ला दिला होता. तो मानला असता तर उपकरणांची गती ५४ मेगाबिटांच्या वर गेलीच नसती, कारण २००९ नंतरच्या वेगवान वाय-फायला ती सोय चालू असणे बंधनकारक आहे.

यंत्राचे काम एवढे. बाकीचे काम कार्यकर्त्यांच्या बैठकीत झाले आणि त्याला माझ्या कामापेक्षा अधिक वेळ लागला. डॉक्टरबाई आधी हे सर्वांना मान्य होते. मुलांचे धडे की चौकीचे कॅमेरे, यावर अर्धा तास गेला. अखेर ठरले ते एका कागदावर शाईने लिहून राउटरशेजारी भिंतीला चिकटविण्यात आले: सकाळी १० ते १ दवाखाना, त्यातही आवाज आधी आणि चित्र मागून, दुपारी शाळा, छायाचित्रे रात्री ११ नंतर. गेल्या महिन्यात पुन्हा जाणे झाले तेव्हा ती म्हातारी बाकावर होती आणि डॉक्टरबाईंशी तिचे चांगले सात-आठ मिनिटे बोलणे चालले होते. चित्र मधूनमधून धूसर होई, पण शब्द तुटत नव्हता. कागदही जागेवर होता. त्याच्या तळाशी कोणीतरी पेन्सिलीने एक ओळ वाढविलेली दिसली, ‘क्रिकेट’, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. त्यावर पुढच्या बैठकीत विचार व्हावयाचा आहे.