उत्साहाचा वारसा

रविवारीं प्रार्थनामंदिरांत मन उचंबळून येतें. सोमवारीं दळण, पाणी, कचेरी यांच्या रहाटगाडग्यांत तो उत्साह कोठें विरतो, हा प्रश्न अनेक ख्रिस्ती कुटुंबांना पडतो. सातारा-सांगलीकडील दोन उदाहरणें या बाबतींत मार्गदर्शक आहेत.

१९१७ सालीं, वयाची पंचावन्न वर्षें उलटल्यावर, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, प्रत्येक ख्रिस्तभक्तास तेथें स्थान होतें. पण १९१९ सालीं ते निवर्तले आणि त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. तें पुरें केलें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं! शाळेचें शिक्षण नाहीं, संसाराचे चटके मात्र भरपूर. तरी पतीच्या सहवासांत लागलेली काव्याची गोडी त्यांच्यामागें आटली नाहीं.

मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. केवळ स्वतःच्या हातांवर विसंबून न राहतां त्यांनीं येथील तरुणांना वैद्यकी शिकविली. १९२८ सालीं ते मिरज सोडून गेले. रुग्णसेवा मात्र चालूच राहिली.

भावनेचा पूर घटकेंत ओसरतो. दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेला उत्साह टिकतो. सुनेला भजन सांगूं द्यावें, मुलाला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करूं द्यावी, खचलेल्या शेजाऱ्यास नुसता उपदेश न करतां त्याच्या कामाला हात लावावा. सोमवारची उपासना ती हीच.