आवाजाचा नमुना



आपल्या नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्याचा आणि रॅप संगीताचा कधी संबंध येईल, असं मला वाटलं नव्हतं. पण आला. हनी सिंग या गायकाविरुद्ध अश्लील गाण्यांच्या तक्रारीवरून तिथे गुन्हा दाखल झाला. ज्या गाण्यावरून देशभर सर्वाधिक ओरड झाली, ते आपलं नाहीच, असं ते सांगत आले. २०२२ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना आवाजाचा नमुना द्यायला सांगितलं. खटल्यावर मी बोलणार नाही. पण 'आवाजाचा नमुना' हे शब्द वाचले आणि मला माझंच एक जुनं प्रकरण आठवलं. त्याकडे येतोच.

रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला, १९७३ च्या सुमाराचा. पडकी घरं, बेकारी, पोलिसांचा जाच. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं, त्या कृष्णवर्णीय पोरांनी ठेक्यावर बोलायला सुरुवात केली. मला ते जवळचं वाटतं. पण पुढे यातल्या अनेक गाण्यांत त्यांच्याच वस्तीतली बाई शिवीच्या नावाने येऊ लागली. अशी गाणी विकणाऱ्या बड्या कंपन्या आणि ती घेणारे बरेच श्रोते वस्तीबाहेरचे. शिवी मात्र वस्तीतल्या मुलीलाच रस्त्यात ऐकावी लागे.

२००४ साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात एक प्रसंग घडला. हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज. नेली नावाच्या रॅपरची संस्था तिथे अस्थिमज्जा दात्यांची नोंदणी करणार होती. त्याच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग होता. काम पुण्याचंच. पण त्याच्या एका व्हिडिओत बाईच्या देहावरून क्रेडिट कार्ड फिरवलेलं होतं. मुली म्हणाल्या, नोंदणीला या, पण या व्हिडिओबद्दलही आमच्याशी बोला. शेवटी कार्यक्रमच रद्द झाला. आपल्याच माणसाला अडचणीत आणल्याचा ठपका मुलींवर आला.

हा ठपका मला ओळखीचा आहे. आता माझी गोष्ट सांगतो.

मी तेव्हा विशीत होतो. आमच्या मोहल्ल्यात उर्साला कव्वालीचा मुकाबला व्हायचा. एका बाजूला पुरुष कव्वाल, समोर बाई. रात्र चढायची तसे शेर घसरायचे. कविता मी मराठीत लिहायचो, पण एका कव्वालाला मुकाबल्यासाठी उर्दूत शेरही लिहून देत असे. एका रात्री समोरच्या बाईंच्या वयावर आणि देहावर मी दोन ओळी दिल्या. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला, नोटा उडाल्या. बाईंनी क्षणभर खाली पाहिलं, पेटीचा भाता पुन्हा हलवला आणि पुढची कव्वाली धरली. मला वाटलं, आपण जिंकलो.

त्या रात्रीची कॅसेट निघाली आणि पानठेल्यावर वाजू लागली. माझी धाकटी बहीण त्याच रस्त्याने कॉलेजला जायची. महिन्याभरात ती लांबचा वळसा घेऊ लागली. अम्मीने खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, पोरं मला पाहून एक शेर म्हणतात. कोणता, ते तिने सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही. पुढच्या वर्षी तिचं कॉलेज सुटलं. कारणं दोन-चार होती. त्यातलं एक माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

मोहल्ल्यात कुणी याविरुद्ध बोललं नाही. बोललं असतं, तर ऐकावं लागलं असतं, आधीच लोक आपल्याकडे बोट दाखवतात, त्यात तुम्ही भर घालता? बाहेरच्यांचा धाक खराच असतो, तो मी आजही सोसतो. पण त्या धाकाची किंमत दरवेळी घरातल्या मुलीनेच का मोजायची?

क्वीन लतीफा या रॅपर बाईने १९९३ मध्ये रॅपमधूनच या शिव्यांना जाब विचारला. त्या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं. स्पेलमनच्या मुलींनाही रॅप बंद पाडायचं नव्हतं, त्यांना उत्तर हवं होतं. गाण्यांवर खटले होतील न होतील, पण लिहिणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही.

आज वस्तीतली मुलं आपले रॅप मला ऐकवायला येतात. रागाच्या ओळी ऐकून मी दाद देतो. बाईवरची ओळ आली की विचारतो, ही जिच्यावर आहे, तिला समोर बसवून म्हणशील? कुणी ओळ खोडतो. कुणी हसतो. हसणाऱ्यात मला मी दिसतो.

बहिणीला मी हे कधी सांगितलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात रेडिओ असतो. ती आत्ता ऐकत असेल, तर तो शेर कुणाचा होता, हे आज तिला कळेल. माझा आवाज ती ओळखते.